पहिला प्रश्न काळजीचा

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दिवसभर तीच प्रश्नावली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, अन्न असुरक्षितता मोजणारी. आठ प्रश्न, सगळे हो-नाहीचे, मागच्या 12 महिन्यांबद्दल. शेवटचा सगळ्यात कठोर: पैसे नव्हते म्हणून अख्खा दिवस उपाशी काढावा लागला का? मी मात्र दरवेळी पहिल्यावरच अडते. खायला पुरेल की नाही याची काळजी वाटली होती का? म्हणजे पोट रिकामं व्हायच्या आधीच मोजणी सुरू होते. ताटात आज आहे, पण झोप उडालेली आहे.

संध्याकाळी डोकं जड झालं, तशी पाऊण तास झपझप चालून आले. बरं वाटलं. नेहमीच वाटतं. नॉर्वेतल्या सुमारे 34 हजार प्रौढांच्या पाहणीत (2018 साली छापून आली) आठवड्याला तासभर व्यायाम करणाऱ्यांतही पुढे नैराश्य कमी दिसलं होतं. तो निबंध वाचल्यापासून मी भेटेल त्याला चालायला सांगत सुटले होते.

मग गेल्या महिन्यातलं अन्नवाटप. रांगेतल्या एका बाईंना झोप येत नव्हती. मी लगेच उपदेश केला, रोज अर्धा तास चालत जा. त्या म्हणाल्या, "ताई, चालतच आलेय. बसचे पैसे वाचवले."

कान तापले माझे. अजूनही तापतात.

मिनेसोटा विद्यापीठातला 1944-45 चा प्रयोग तेव्हा आठवायला हवा होता. 36 धडधाकट तरुण, स्वखुशीने आलेले. 24 आठवडे अर्धपोटी ठेवले, आणि आठवड्याला 35 किलोमीटर चालणं सक्तीचं. चालून मन ताजं राहिलं का? छे. चिडचिड, उदासी, माणसं टाळणं. थाळ्या चाटून पुसत आणि पाककृतींची पुस्तकं जमवत बसले. व्यायाम खोटा ठरला असं नाही. पण तो खाल्ल्या पोटाचा उपाय आहे, एवढं मी विसरले.

आणि दानाचं काय? 1967 साली अमेरिकेत फिनिक्सला पहिली अन्नपेढी (दानात आलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणारी संस्था) निघाली, तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. मी स्वतः पिशव्या भरते, त्यामुळे नावं ठेवायचा मला हक्क नाही. पिशवी त्या दिवसापुरती आठव्या प्रश्नाला 'नाही' म्हणायला लावते. पहिल्याचं उत्तर मात्र 'हो'च राहतं, कारण पुढची पिशवी कधी मिळेल, मिळेल की नाही, हे देणाऱ्याच्या हातात. शिवाय रांगेत ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून खाली घातलेली मान. ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

वाटपात द्यायच्या पत्रकाचा मसुदा टेबलावर आहे. 'रोज अर्धा तास चाला' ही ओळ सगळ्यात वर, माझ्याच अक्षरात. उद्या ती खाली नेणार. वर पुढच्या तीन महिन्यांच्या वाटपाच्या तारखा. त्या नक्की करायला सकाळी तिघांना फोन करायचेत, आणि त्यातला एक तर कधीच उचलत नाही.