पिशवी न काढता थांबलं कसं?

पाळीत फार रक्त जायचं, ते गर्भाशयाची पिशवी न काढता कसं थांबलं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गणपतीला गुहागरला माहेरी गेले की कुणीतरी मला मागच्या पडवीत नेऊन हळूच विचारतंच, "तुझ्या अंगावरून एवढं जायचं, पिशवी न काढता थांबलं कसं?"

त्रेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी नऊ-नऊ दिवस चालायची. तासाभरात पॅड भिजायचं, गाठी पडायच्या. चिपळूणला एसटीने जायचं तर बुडाखाली जुन्या साडीची घडी घ्यायची. घाटी चढताना लागणारी धाप मी वयावर ढकलली. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ७.२.

पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीही न करता सांगितलं, "मुलं झालीत ना? काढून टाका." तारीखसुद्धा ठरली होती. धाकट्या जावेने हट्टाने दुसरीकडे नेलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी कारण शोधलं. सोनोग्राफी, थायरॉइड, आणि चाळिशी उलटलेली म्हणून पिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासला. कॅन्सर नव्हता. फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूतली साधी गाठ होती, पण लहान आणि पिशवीच्या पोकळीपासून लांब.

आधी ट्रॅनेक्झामिक ॲसिड. ही गोळी फक्त जास्त जाण्याच्या दिवसांतच घ्यायची. साकळलेलं रक्त ती लवकर विरघळू देत नाही, म्हणून स्राव बराच कमी होतो. पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल, तर ती चालत नाही. डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

माझं तेवढ्यावर भागलं नाही. मग हार्मोनचा टी, म्हणजे पिशवीत ठेवायचं टी आकाराचं छोटं साधन, बसवला. तांबी म्हणताच बायका घाबरतात, पण ही ती तांबी नव्हे. तांब्याच्या टीने स्राव उलट वाढतो. हा रोज थोडं हार्मोन सोडून अस्तर पातळ ठेवतो. पहिले चार महिने डाग लागत राहिले. कंटाळून काढायला निघाले होते, बाईंनी थांबवलं. सहाव्या महिन्यात पाळी दोन दिवसांवर आली. लोहाची गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायचे, चहा तिच्यापासून लांब.

माझ्या मावशीची मात्र पिशवी काढावीच लागली, गाठी मोठ्या होत्या. ते योग्यच झालं. फक्त अंडाशय ठेवणार की काढणार, हे तिला आधी कुणी सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

यंदा वहिनीने विचारलं. तिला मी कॅलेंडरवर रोजचे पॅड मांडायला लावलेत. मंगळवारी तिला घेऊन चिपळूणला जाते आहे.