हप्ते चालू असताना ‘नाही’ कसं म्हणायचं?

गाडीच्या इंजिनाचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. नवी मुलं रुळली की त्यांतलं कुणीतरी विचारतंच: मॅनेजरने पटत नसलेलं काम सांगितलं आणि डोक्यावर घराचे हप्ते असले, तर करायचं काय? ‘सध्या कर, पुढे बघू’ असं बहुतेकांना ऐकायचं असतं. मी तसं सांगत नाही, ते जेम्स लियांगमुळे.

लियांग फोक्सवॅगनचे इंजिनीअर. २००६च्या सुमारास कंपनी अमेरिकेसाठी नवं डिझेल इंजिन बनवत होती. धुरातल्या घातक नायट्रोजन ऑक्साइडची तिथली मर्यादा पाळून गिऱ्हाइकाला आवडेल अशी गाडी काही होईना. तेव्हा मार्ग सॉफ्टवेअरमधून काढला. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब, यांवरून प्रयोगशाळेत धुराची चाचणी चालू असल्याचं ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण आवरायचं. रस्त्यावर हेच ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचं. २०१५मध्ये हे उघडकीला आलं, तेव्हा जगभर अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. भारतातल्या गाड्या पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने तपासल्या आणि इथेही तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

ऑगस्ट २०१७मध्ये डेट्रॉइटच्या न्यायालयाने लियांग यांना ४० महिन्यांची कैद आणि २ लाख डॉलर दंड सुनावला. सरकारी वकिलांनी मागितली होती त्याहून ही शिक्षा जास्त होती. कंपनीवरच्या आंधळ्या निष्ठेपोटी हे घडलं, असं त्यांच्या वकिलांचं म्हणणं. मला ते खरं वाटतं, आणि त्याचीच धास्ती वाटते. असा निष्ठावान, कामसू माणूस आमच्या प्रत्येक टीममध्ये असतो.

शिवाय ‘फसवणूक कर’ असं कुणी सांगत नाही. काम येतं ते ‘टेस्ट मोड’ या नावाने, म्हणजे चाचणीपुरतं गाडीचं वागणं बदलणारं सॉफ्टवेअर, आणि टेस्ट मोड लागतोच. चाचणीत गाडी जागच्या जागी रोलरवर चालवतात. तिथे दोनच चाकं फिरतात, तेव्हा गाडी घसरतेय असा ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, समज होतो, म्हणून तो बंद करावा लागतो. यात गैर काही नाही. पण जे मोजायचं आहे तेच तो मोड बदलत असेल, तर मी तिथे थांबतो. एवढी एक रेघ मुलांनी पहिल्या वर्षीच मनात पक्की करावी.

यात नुकसान होत नाही, असं मी म्हणणार नाही. एका कंपनीत मी अशीच एक सूचना लेखी मागितली. काम माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे गेलं आणि त्या वर्षीची बढतीही गेली. पण घर चालत होतं, कारण सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता. आपल्याकडे नोटीस पिरियड बऱ्याचदा ९० दिवसांचा असतो, त्यात हप्ता चुकला तर भलेभले नरमतात. म्हणून मोठा फ्लॅट बुक करण्याआधी ही रक्कम साठवा, असं मी आग्रहाने सांगतो. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांची कोंडी याहून मोठी आहे. नोकरी गेली की दुसरी शोधायला किंवा देश सोडायला त्यांच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. त्यांनी गप्प राहावं असं मी म्हणत नाही, पण त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार मला नाही.

आणि मीटिंगमध्ये वाद घालू नका. त्याच संध्याकाळी साधा मेल लिहा: ‘आज ठरलेल्या बदलामुळे चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा वेगळा येईल. हे असंच हवं आहे का, कृपया कळवावं.’ बऱ्याचदा या मेलला उत्तर येत नाही, आणि ते कामही पुन्हा कुणी मागत नाही.