पातळ पोलादी सिलिंडरचा आडवा जोड : बकलिंग चाचण्यांची पुढची नोंद

पातळ सिलिंडर उभ्या दाबाखाली अचानक पोचे पडून कोसळतो, याला बकलिंग म्हणतात; त्याच्या चाचण्यांच्या या टप्प्यातले सिलिंडर मागच्याच मापाचे आहेत : त्रिज्या १५० मि.मी., सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेल्या) पत्र्याची जाडी ०.५ मि.मी., म्हणजे त्रिज्या आणि जाडी यांचे गुणोत्तर ३००. आधीच्या नमुन्यांना फक्त उभा जोड होता; आता उंचीच्या मध्यावर टिग वेल्डिंगने (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि निष्क्रिय वायू वापरून केलेल्या) पूर्ण वळशाचा आडवा जोडही दिला आहे. सायलो (धान्य वगैरे साठवायची उंच कोठारे) आणि उंच टाक्या अशाच कड्यांवर कडी चढवून उभ्या केल्या जातात, त्यामुळे खरा प्रश्न आडव्या जोडाचाच आहे.

निर्दोष सिलिंडरचा सैद्धान्तिक बकलिंग भार सुमारे ३.८ × ई × जाडीचा वर्ग इतका येतो; ई म्हणजे पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक. त्यात त्रिज्या येतच नाही, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. आपल्या पत्र्यासाठी हा भार १९० किलोन्यूटन, म्हणजे १९ टनांहून अधिक होतो. पत्र्याची नमनमर्यादा (ज्या ताणानंतर पत्रा कायमचा विरूप होतो ती) २०० मेगापास्कल धरली, तर तो ९४ किलोन्यूटनलाच नमेल, ही एक मर्यादा झाली. पण प्रत्यक्षात सिलिंडर त्याच्याही बऱ्याच आधी बसतो. १९३० च्या दशकातल्या चाचण्यांमध्ये पातळ सिलिंडर सूत्राच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश भारावर कोसळत होते. डच अभियंते कोइटर यांनी १९४५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या प्रबंधात याचे कारण आकारातल्या बारीक दोषांशी जोडून दाखवले. प्रबंध डच भाषेत असल्यामुळे तो बाहेरच्या जगापर्यंत पोहोचायला बरीच वर्षे गेली.

आडवा जोड थंड होताना वितळलेला धातू वळशाच्या दिशेने आकसतो आणि कंबरेला आवळलेल्या पट्ट्याप्रमाणे भिंत आत ओढतो. त्यातून जोडाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला एक उथळ खळगा तयार होतो. त्याची अर्धलांबी साधारण २.४४ गुणिले त्रिज्या-जाडीच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे आपल्या नमुन्यात २१ मि.मी. असते. दुर्दैव असे की सिलिंडरला स्वतःहून सुरकुती पडायची झाली, तर तीही जवळपास याच लांबीची असते. वरून भार आला की तो खळग्यापाशी मूळ रेषेवरून सरकलेला असल्यामुळे भिंत आणखी आत ढकलतो, तिथे वळशाच्या दिशेने दाब वाढतो, आणि मग त्या पट्ट्यातच चौकटच्या आकाराचे पोचे एकामागून एक पडतात. दोन्ही नमुन्यांमध्ये पहिला पोचा जोडालगतच पडला आणि पुढचे डोळ्याला वेगळे दिसण्याआधीच मोठा आवाज होऊन वळसा पूर्ण झाला.

पहिल्या नमुन्यात डायल गेज उभ्या पट्टीवरून सरकवत मोजलेला खळगा ०.३ मि.मी. खोल निघाला, तो बोटाला लागत नाही आणि तिरप्या उजेडातच दिसतो. मात्र जाडीच्या भाषेत तो ०.६ पट आहे. युरोपीय प्रमाणक ईएन १९९३-१-६ मधले सूत्र, ०.६२ भागिले (१ + १.९१ गुणिले खोली-जाडी गुणोत्तराचा १.४४ वा घात), इथे सैद्धान्तिक भाराच्या ०.३२ पट देते, म्हणजे ६२ किलोन्यूटन; नमनाचा परिणाम धरल्यावर ते ५४ च्या आसपास येते. भार देणाऱ्या प्रेसचा गेज साडेपाच टनांच्या (सुमारे ५४ किलोन्यूटनच्या) किंचित खाली थांबला. गेज काही प्रयोगशाळेतला नव्हे, त्यामुळे या जुळण्यावर फार भिस्त ठेवू नये.

दुसऱ्या नमुन्याला आतून तांब्याची पट्टी लावली, वेल्डिंगआधीचे पत्रा धरून ठेवणारे टाके कमी अंतरावर मारले आणि वेल्डिंग सलग न करता समोरासमोरच्या छोट्या तुकड्यांत केले. खळगा ०.१५ मि.मी. वर आला आणि भार सहा टनांच्या थोडा वर गेला. खोली निम्मी होऊनही वाढ बेताची दिसते, कारण इथे पत्र्याचे नमन आड येते. त्रिज्या-जाडी गुणोत्तर ८०० किंवा १००० असलेल्या मोठ्या टाकीत हीच सुधारणा बरीच जास्त फळली असती.

वेल्डचा उंचवटा ग्राइंडरने सपाट केल्याने फायदा होईल का, असे काही जणांनी विचारले होते. तो केवळ दिसायला बरा. दोष त्या उंचवट्यात नसून आजूबाजूच्या दोन-तीन सेंटिमीटर पत्र्यात आहे. आतली छिद्रे आणि अर्धवट वितळलेली मुळे गळतीसाठी वा थकव्यामुळे पडणाऱ्या तड्यांसाठी निश्चितच घातक आहेत, पण उभ्या दाबाखालच्या बकलिंगमध्ये आकाराचा दोष त्यांच्या कितीतरी पुढे असतो. उभ्या जोडाचा निमुळता कंगोरा उभ्या भाराला तुलनेने कमी बाधतो. बाहेरून दाब येत असेल, किंवा टाकीत निर्वात होत असेल, तर मात्र त्याची दखल घ्यावी लागते.

मोजमापाविषयी एक सूचना : त्याच प्रमाणकात उभ्या दाबासाठी खळगा मोजायच्या पट्टीची लांबी चार गुणिले त्रिज्या-जाडीच्या गुणाकाराचे तेच वर्गमूळ, म्हणजे आपल्याकडे ३५ मि.मी., सांगितली आहे. खोली या लांबीच्या ०.६, १.० किंवा १.६ टक्क्यांच्या आत असेल, तर काम अनुक्रमे ए, बी किंवा सी दर्जाचे ठरते. पहिला नमुना ०.३ भागिले ३५, म्हणजे ०.८६ टक्क्यांमुळे बी दर्जात बसतो आणि दुसरा सहज ए मध्ये जातो. पुढच्या नमुन्यात दोन आडवे जोड आधी ४० आणि मग १०० मि.मी. अंतरावर देऊन, शेजारचे खळगे एकमेकांना किती जाचतात ते मोजणार आहे.