सकाळी अकराला बॅगा दिल्या, विमान रात्री साडेआठचे

शिमल्याहून परतताना आमच्यापुढे प्रश्न होता तो सामानाचा. कालका शताब्दी सकाळी दहाच्या सुमारास नवी दिल्ली स्थानकावर पोहोचते आणि पुण्याचे आमचे विमान रात्री साडेआठचे होते. मधल्या दहा तासांत दोन जड बॅगा ओढत दिल्ली पाहणे शक्य नव्हते आणि नुसते विमानतळावर जाऊन बसण्याची आमची तयारी नव्हती.

याला मागचा एक अनुभव कारणीभूत होता. गेल्या वर्षी मुंबईहून रात्रीचे विमान होते आणि आम्ही शिवनेरीने दुपारीच विमानतळावर पोहोचलो होतो. वेब चेक-इन आदल्या दिवशीच झालेले असल्यामुळे बॅगा लगेच घेतल्या जातील, अशी माझी ठाम समजूत होती. काउंटरवरील मुलीने तिकीट पाहिले आणि ‘सर, या फ्लाइटच्या बॅगा अजून सुरू झाल्या नाहीत’ एवढे सांगून मागच्या प्रवाशाला पुढे बोलावले. पुढचे साडेतीन तास आम्ही ट्रॉलीला आळीपाळीने पहारा देत काढले. चूक कंपनीची नव्हती, माझीच होती. वेब चेक-इन म्हणजे केवळ आसन आणि बोर्डिंग पास. अनेक कंपन्यांत ते 48 तास आधी खुले होते. बॅगा घेण्याचे वेळापत्रक मात्र वेगळे असते. देशांतर्गत उड्डाणासाठी ते साधारणपणे दोन ते तीन तास आधी आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन ते चार तास आधी सुरू होते. ज्या कंपनीची त्या शहरातून दिवसभर उड्डाणे असतात, तिची काउंटरे सतत उघडी दिसतात; परंतु काउंटर उघडे आहे म्हणून आपल्याच उड्डाणाच्या बॅगा घेतल्या जातील, असे समजू नये.

दिल्लीत यावर एक चांगला उपाय आहे आणि आपल्याकडील फार थोडे प्रवासी तो वापरताना दिसतात. विमानतळाकडे जाणाऱ्या एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोच्या नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम या दोन स्थानकांवर विमानाच्या बॅगा स्वीकारल्या जातात. आमचे तिकीट एअर इंडियाचे होते. तिच्या नियमाप्रमाणे देशांतर्गत उड्डाणासाठी सुटण्याच्या 12 तास आधीपासून 2 तास आधीपर्यंत, तर आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी 4 तास आधीपासून 2 तास आधीपर्यंत बॅगा देता येतात. काउंटर सकाळी सात ते रात्री नऊ असे चालते. ही सोय टर्मिनल 3 वरून सुटणाऱ्या उड्डाणांसाठी आहे. टर्मिनल 1 साठी मेट्रोची मार्गिकाच निराळी आहे, त्यामुळे तिकिटावर टर्मिनलचा क्रमांक आधी पाहावा. सगळ्याच कंपन्या या सोयीत नाहीत आणि वेळाही बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीकडे चौकशी करणे बरे.

आम्हाला सर्वांत जास्त त्रास झाला तो रेल्वे स्थानकातच. आमची गाडी पहाडगंजच्या बाजूच्या फलाटावर लागली आणि मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला, म्हणजे फलाट क्रमांक 16 च्याही पलीकडे आहे. बॅगा घेऊन पादचारी पूल ओलांडताना हिच्या बॅगेचे एक चाक निखळले आणि उरलेले अंतर मी ती बॅग अक्षरशः खांद्यावर वाहिली. गुडघे दुखणाऱ्यांनी येथे हमालाचे पैसे वाचवू नयेत.

मेट्रो स्थानकातील काउंटरवर मात्र आमच्यापुढे दोनच माणसे होती. तिकीट आणि आधार कार्ड पाहिले, बॅगांचे वजन झाले, बोर्डिंग पास मिळाले. काउंटरवर नेहमीचा प्रश्न आला, ‘पॉवर बँक?’ ती माझ्या बॅगेच्या तळाशी, गरम कपड्यांखाली होती. तिथेच बॅग उघडून स्वेटर, मफलर आणि सफरचंदाच्या जॅमच्या बाटल्या बाहेर काढाव्या लागल्या. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात. जॅम नेमका उलटा, तो हातातल्या पिशवीत अडतो आणि मोठ्या बॅगेत चालतो. आपल्या लोकांसाठी आणखी एक सूचना: सुके खोबरे सामानात ठेवू नये. त्यातील तेलामुळे ते आपोआप पेटू शकणाऱ्या पदार्थांत मोडते. देवदर्शनाहून परतताना प्रसादाच्या पिशवीत खोबऱ्याची वाटी हमखास असते, ती वाटेतच खाऊन टाकावी.

टॅग लावल्यावर त्यावरील तीन अक्षरे आणि तारीख स्वतः वाचावी. पुण्यासाठी ‘पीएनक्यू’ हे संक्षिप्त नाव असते. पावतीचा छोटा तुकडा आम्ही बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून घेतला आणि मोबाइलवर दोन्ही बॅगांचे छायाचित्र काढून ठेवले. बॅगा त्याच मेट्रो मार्गिकेने विमानतळाकडे रवाना होतात. एकदा दिलेली बॅग थेट पुण्यातच हाती येते, त्यामुळे दिवसभराची औषधे, चष्मा, चार्जर, घराची किल्ली आणि दागिने आधीच बाजूला काढलेले असावेत. हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत गेल्याचे आम्हाला पट्टा हलण्यापूर्वी आठवले, हे नशीब.

मग आम्ही मोकळ्या हातांनी जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात गेलो आणि मोहेंजोदडोची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी निवांत पाहिली. सोमवारी संग्रहालय बंद असते.

संध्याकाळी पुन्हा मेट्रोने टर्मिनल 3 गाठायला सुमारे वीस मिनिटे लागली. बॅगा दिलेल्या असल्या तरी सुरक्षा तपासणीची रांग चुकत नाही आणि बोर्डिंग गेट उड्डाणाच्या साधारण 25 मिनिटे आधी बंद होते. आम्ही दीड तास आधी पोहोचलो, तेवढा वेळ पुरला. ज्यांच्या कंपनीची ही सोय नाही, त्यांनी रेल्वे स्थानकाच्या क्लोकरूमचा विचार करावा. तेथे रेल्वेचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप असल्याशिवाय ती घेत नाहीत. बॅगेच्या चेनला लावता येईल असे छोटे कुलूप म्हणून घरूनच न्यावे. आम्ही ते स्थानकाबाहेर तिप्पट किमतीला घेतले होते आणि शेवटी ते लागलेच नाही.