आजोबा ‘रामू’ की ‘रामचंद्र’?

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला, किती पर्सेंटाइल आले, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्ममध्ये कोणती कॉलेजं कुठल्या क्रमाने भरली, हे मला आता सांगता येणार नाही. जात पडताळणी समितीच्या ऑफिसातली बाकडी मात्र पाठ आहेत. खिडकीजवळच्या बाकड्याचा एक पाय आखूड आहे, तिथे बसू नका.

आम्ही माळी, म्हणजे ओबीसी. जातीचा दाखला दहावीतच काढलेला, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त. दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, वेगळी; राखीव जागेसाठी तीही लागते, हे मला बारावीची परीक्षा झाल्यावर कळलं. खरं तर सायन्सच्या मुलांचे प्रस्ताव ज्युनिअर कॉलेजमार्फतच जातात. आमच्याकडे दिवाळीआधी नोटीस लागली होती म्हणे. मी तेव्हा क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये बुडालेली. ही चूक माझी, मान्य. पुढचं सगळं माझ्या माथी नको.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. पप्पांचा जन्मच १९७२ चा, म्हणजे आजोबांची शाळा गाठणं आलं. सीईटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीचा) उतारा आणायला गावी गेलो, तर शाळेला कुलूप. मे महिना! मुख्याध्यापक त्यांच्या गावी, कपाटाची किल्ली त्यांच्यापाशी आणि शाळा उघडणार जूनच्या मध्यात. एक महिना तिथेच गेला. उतारा काढायचाच असेल तर शाळा चालू असताना काढा, आणि दोन प्रती घ्या.

उतारा मिळाला. १९५१ ची नोंद, जात स्पष्ट ‘माळी’. नाव मात्र ‘रामू’. सातबाऱ्यावर आणि पप्पांच्या दाखल्यावर ‘रामचंद्र’. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांना दोन-दोन नावं आहेत. अर्ज ऑनलाइन भरला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं, फाइल जमा केली. पावती मिळाली आणि तिच्यावर कॅपचा फॉर्मही भरला गेला.

मग त्रुटी निघाली. रामू आणि रामचंद्र ही एकच व्यक्ती असल्याचा पुरावा सादर करा. पप्पांनी प्रतिज्ञापत्र केलं. तेवढ्यावर भागत नाही, म्हणाले. पोलीस पाटलांचं पत्र नेलं. हे चालत नाही, म्हणाले. मग काय चालतं? ‘जुना पुरावा आणा.’ आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली, आता त्यांना उठवून विचारू का? खिडकीवर कागद डकवलेला: त्रुटीबाबत चौकशी दुपारी ३ ते ५. आमची परतीची एसटी सव्वाचारला. म्हणजे सव्वा तास, त्यातला पाऊण तास रांगेत. अशा पाच फेऱ्या, आणि दर फेरीला पप्पांचा एक खाडा.

सहाव्या फेरीला खिडकीत नवीन बाई होत्या. फाइल चाळून त्यांनी सहज विचारलं, ‘वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालीय का?’

हा प्रश्न पहिल्याच दिवशी का विचारला नाही? मला त्याचा राग अजून आहे.

झाली होती. पप्पांच्या चुलत बहिणीची. सासरच्या गावी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीला उभी राहिली तेव्हा तिने माहेरच्या कागदांवर करून घेतली होती. पण त्या घराशी आमचं बांधावरून नऊ वर्षं बोलणं नाही. पप्पा म्हणाले, मी जाणार नाही. मग आई आणि मी गेलो. आत्याने चहा टाकला, कपाटातून फाइल काढली आणि म्हणाली, ‘घे गं. बांध तुझ्या बापाने सरकवलाय, तू नाही.’ तिच्या फाइलमध्ये चुलत आजोबांचा उतारा होता. शाळा तीच, पणजोबांचं नाव तेच. तीन आठवड्यांत माझं प्रमाणपत्र आलं.

एव्हाना पुण्यात कॉलेज सुरू झालं होतं आणि माझी एम-वनची (पहिल्या सेमिस्टरच्या गणिताची) सगळी सुरुवात बुडाली होती. बारावीतली डेरिव्हेटिव्हज पक्की असती तर पार्शल डिफरन्सिएशन नंतरही पकडता आलं असतं, पण सीईटीनंतर वहीला हातच लावला नव्हता. रिकाम्या उन्हाळ्यात गणिताला रोज अर्धा तास द्या, जमलं तर सी लँग्वेजचे लूप लिहून बघा. पुस्तकं मात्र आधी घेऊ नका. मी सिनिअर दादाकडून २०१९ पॅटर्नच्या (जुन्या अभ्यासक्रमाच्या) पुस्तकांचा गठ्ठा आणून ठेवला आणि पुणे विद्यापीठाने आमच्यापासूनच २०२४ पॅटर्न आणला. तो गठ्ठा अजून कॉटखाली आहे.

हो, एक राहिलंच. नॉन-क्रिमी लेअर, म्हणजे घर सधन गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. माझ्या मैत्रिणीचं आदल्याच मार्चला संपलेलं होतं, तिला ऐन फॉर्मच्या गर्दीत नवीन काढावं लागलं. मुलींनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही सोबतच काढून ठेवावा. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

धाकटा भाऊ आता अकरावीत आहे. त्याचा प्रस्ताव गेल्या आठवड्यात कॉलेजमधून गेला, माझ्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स जोडून. पप्पा अजून आत्याशी बोलत नाहीत, पण यंदा दिवाळीचा फराळ त्यांनी आईच्या हाती पाठवला.