सपाट जमीन, तिरका ओळंबा: घनाकृती ग्रहावरून

इथल्या बांधकामाचा पहिलाच नियम गोल ग्रहावरून आलेल्या माणसाला खटकतो. भिंत जमिनीला काटकोनात उभी करायची नाही. जमीन काचेसारखी सपाट दिसते, गुण्या लावला की काटकोन तंतोतंत जुळतो, आणि तरी ती भिंत कोसळते. नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर जाडीची, तीन मीटर उंच भिंत घ्या. इथला समुद्र प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर साचतो; त्याच्या किनाऱ्यावर ती ओळंब्यापासून साडेसात अंश कलते. तिचा गुरुत्वमध्य पायाच्या मध्यापासून २० सेंटिमीटर बाहेर जातो, पायाची अर्धी जाडी मात्र साडेअकरा. हिशेब तिथेच संपतो.

ग्रह अर्थातच कल्पनेतला आहे, पण त्याचं गणित खरं आहे. वस्तुमान आणि सरासरी घनता पृथ्वीइतकीच, आकार फाशासारखा. बाजू निघते १०,२७० किलोमीटर. केंद्रापासून पृष्ठाचा मध्य ५,१३५ किलोमीटरवर, कडेचा मध्य ७,२६० वर आणि कोपरा ८,८९० वर. घनता सगळीकडे सारखी आणि दगड हवा तितका मजबूत, ही दोन गृहीतकं मान्य करूनच पुढे वाचायचं. दुसरं गृहीतक जबरदस्त आहे, हे कबूल. चांगला ग्रॅनाइट साधारण २०० मेगापास्कल दाब सोसतो. इथल्या कडांखाली त्याच्या शेकडो पट दाब पडेल. खऱ्या विश्वात काहीशे किलोमीटरहून मोठ्या खगोलाला त्याचं स्वतःचंच वजन दाबून गोल करतं. तरी गोलाई हाच विश्वाचा कायदा असल्यासारखं बोलणाऱ्यांनी हाउमिया आठवावा. २००८ पासून बटुग्रहांच्या यादीत असलेला हा खगोल जेमतेम चार तासांत स्वतःभोवती फिरतो आणि त्या वेगाने चांगलाच लांबुडका झाला आहे.

आता वजन. पृष्ठाच्या मध्यावर गुरुत्व ९.८, म्हणजे तुमच्याइतकंच. कडेच्या मध्यावर ८.३ आणि कोपऱ्यावर ६.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. वस्ती मध्याच्या आसपासच आहे, त्यामुळे वजनकाटा रोजच्या व्यवहारात काही वेगळं दाखवत नाही.

छळते ती दिशा. ओळंबा जमिनीला लंब पडतो तो फक्त पृष्ठाच्या अगदी मध्यावर. तिथून साधारण १७० किलोमीटर गेलं की तो एक अंश कलतो. कडेच्या अर्ध्या वाटेवर १६ अंश, कडेवर पुरते ४५ आणि कोपऱ्यावर जवळजवळ ५५. म्हणजे डोळ्यांना जे पठार दिसतं ते पायांना वाडगं आहे, आणि पाय कधी खोटं बोलत नाहीत. मध्यापासून १०० किलोमीटरवर एक मीटर लांब फरशी जमिनीबरोबर बसवली तर तिच्या एका टोकाला एक सेंटिमीटर उतार पडतो. न्हाणीघराला गवंडी मुद्दाम ढाळ देतो तो इतकाच. फरक एवढाच की इथे तो ढाळ कोणी न मागता अख्ख्या मुलखाला मिळाला आहे.

किनाऱ्यावर तो १०० ला १३ आहे. बारा मीटर लांब घराच्या जोत्याची एक बाजू दुसरीपेक्षा दीड मीटरहून उंच घ्यावी लागते. लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, हे इथलं सगळ्यांत भरवशाचं हत्यार. दोन्ही टोकांचं पाणी जिथे थांबेल ती पातळी खरी. पट्टी, दोरी, लेझरची रेषा यांपैकी काहीही जमिनीला समांतर धरून चालत नाही. नवखे लोक लेझर जमिनीपासून मोजून लावतात आणि मग पाणी कोपऱ्यात का साचतं म्हणून कपाळाला हात लावतात.

खरी डोकेदुखी सांडपाण्याची. ते वाहायला १०० ला एक ढाळ पुरतो. नळ जमिनीबरोबर सरळ समुद्राकडे टाकला तर ढाळ तेरापट होतो. पाणी धावत सुटतं, मैला मागे राहतो, वेगाने नळ आतून घासला जातो. आडवा, समुद्राला वळसा घालून टाकला तर ढाळ शून्य आणि पाणी जागच्या जागी. म्हणून नळ आडव्या रेषेशी सुमारे सव्वाचार अंशांचा कोन करून टाकायचा: १०० मीटर नळात समुद्राच्या दिशेने साडेसात मीटर सरकायचं, की एक मीटर उतार मिळतो. दिशा चुकून दहा अंश झाली की ढाळ दुपटीच्या वर जातो. जिथे सरळ उतरण्यावाचून गत्यंतर नाही तिथे दर काही मीटरवर खोल चेंबर बांधून पाणी पायरीपायरीने खाली सोडायचं. ही सगळी मेहनत दिसायला सपाट असलेल्या जमिनीवर! गोल ग्रहावरचे लोक ‘इथे चढ कुठे आहे?’ असं विचारतात तेव्हा राग येतो तो यामुळे.

पाणी मात्र शहाणं आहे. पृथ्वीवरच्या महासागरांतलं सुमारे १३३ कोटी घनकिलोमीटर पाणी इथे ओतलं तर ते सहा पृष्ठांत वाटलं जातं. प्रत्येक मध्यावर सुमारे १,२९० किलोमीटर त्रिज्येचा गोल समुद्र, मध्यावर ८५ किलोमीटर खोल. घनाकृती ग्रहावर चौकोनी समुद्र असेल असं वाटतं, ते सोडून द्या. पाण्याचा पृष्ठभाग ओळंब्याला लंब असतो, ग्रहाच्या आकाराशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय हा समुद्र तुमच्यापेक्षा कमी वाकलेला आहे. त्याच्या वक्रतेची त्रिज्या ९,७७० किलोमीटरच्या घरात येते, तुमची ६,३७१. काठावर उभ्या माणसाला तिकडे ४.७ किलोमीटरवर क्षितिज लागतं, इथे ५.८. हे मुद्दाम सांगायचं, कारण वाकडेपणाचा शिक्का आमच्यावरच बसतो.

तळाशी ८,००० वातावरणांहून अधिक दाब आहे (एक वातावरण म्हणजे पृथ्वीवर समुद्रसपाटीला असतो तेवढा हवेचा दाब). तुमच्या सर्वांत खोल गर्तेत तो जेमतेम १,१०० भरतो. पाणी शून्य अंशाजवळ थंड असेल तर साधारण ६० किलोमीटरखाली ते गोठतं, आणि हा बर्फ नेहमीचा नव्हे. बर्फ-६ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार पाण्याहून जड असतो, त्यामुळे वर न येता तळाशीच बसतो. तळ उबदार असेल तर तो तयार होणार नाही. म्हणून तळाचं तापमान कळेपर्यंत तिथे काही उभारायचं ठरवू नये.

हवेच्या बाबतीत मात्र पृथ्वीची नक्कल अंगाशी येते. तिकडची सगळी हवा आणली तर ती सहा मध्यांवरच गोळा होते आणि किनाऱ्यावर जवळपास १४ वातावरणं दाब पडतो. त्यात प्राणवायूचाच वाटा तीन वातावरणं होतो. पाणबुडे दीडच्या आसपासच थांबतात, कारण पुढे झटके येतात. उपाय सोपा: हवा चौदावा भागच आणायची. मग किनाऱ्यावर नेहमीचा दाब मिळतो, आणि खाली दिलेले सगळे आकडे या चौदाव्या भागाचेच आहेत.

किनाऱ्यापासून आत, म्हणजे कडेकडे, चालायला लागलं की दर किलोमीटरला १३० मीटरहून जास्त उंची चढते. ३७ किलोमीटरवर समुद्रसपाटीपासून पाच किलोमीटर. कायम राहणाऱ्या माणसाची मर्यादा तिथे संपते. साठाव्या किलोमीटरला प्राणवायूच्या नळकांड्या. १३७ व्या किलोमीटरला दाबाचा पोशाख, कारण १९ किलोमीटर उंचीवर शरीराच्या उष्णतेनेच तोंडातलं पाणी उकळायला लागतं. सहाशेच्या थोडं पुढे गेलात की उंची १०० किलोमीटर, म्हणजे अवकाश सुरू. तिथला उतार ११ अंश आहे. रॉकेट नको, चाकांची गाडी पुरे. ही एक गोष्ट तरी गोल ग्रहाने आमच्याकडून मान खाली घालून ऐकावी.

राहण्याजोगा पट्टा एवढाच: समुद्राभोवती ३७ किलोमीटर रुंदीचं कडं, घेर ८,१०० किलोमीटर. सहाही मिळून सुमारे १८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या जमिनीच्या सव्वा टक्का. टीका रास्त आहे. पण बाकीची पावणेनव्व्याण्णव टक्के जमीन तुम्ही काय केलीत, हाही प्रश्न विचारता येतो. (उत्तर नको.)

या पट्ट्यात आडवा प्रवास राजेशाही आहे. समुद्राभोवतीचा लोहमार्ग ८,१०० किलोमीटर एका पातळीत जातो, एक मीटरसुद्धा चढ न घेता. आतबाहेर जाणारा रस्ता तितकाच वाईट. मालट्रकला १०० ला पाचच्या वर चढ नको असेल तर रस्ता नागमोडी करावा लागतो आणि ३७ किलोमीटरचे ९८ होतात. शेत पायऱ्यांचं: सहा मीटर रुंद वाफ्याला ८० सेंटिमीटरचा बांध, आणि बांधाच्या पायथ्याशी पाणी निघून जायला वाट ठेवली नाही तर पहिल्या मोठ्या पावसात तो फुगून बसतो. किलोमीटर अंतर आत गेलं की हवा सुमारे ०.९ अंशाने थंड होते. पंचवीस किलोमीटरमध्ये वीसहून अधिक अंशांचा फरक, तेव्हा पिकं पट्ट्यापट्ट्याने बदलतात. नद्या आखूड आणि तापट. सपाट जागा मिळते ती त्यांनी आणलेल्या गाळावर, मुखापाशी, आणि तिचे भाव बोलायचे नाहीत.

दृश्याबद्दल एक गैरसमज. कडा समुद्रापासून २,००० किलोमीटर उंच आहे म्हटल्यावर लोकांना आभाळात घुसलेला डोंगर दिसेल असं वाटतं. काही दिसत नाही. कडा आणि कोपरे त्याच सपाट पातळीत आहेत, त्यामुळे ३,८०० किलोमीटर जमीन एका बारीक रेषेत मिटते. एवढंच की आतल्या बाजूचं क्षितिज साडेसात अंश वर उचललेलं असतं, आणि समुद्राकडचं जागच्या जागी.

सूर्य हा इथला सर्वांत सुटसुटीत कारभार. अक्ष समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून घ्यावा, पृष्ठांच्या मध्यांतून मुळीच नको. नाहीतर दोन पृष्ठांना ध्रुवांची सहा महिन्यांची रात्र मिळते. कोपऱ्यांतून घेतला की सहाही पृष्ठं ३५ अंश अक्षांशाच्या उतारावर येतात, तीन उत्तरेकडे, तीन दक्षिणेकडे. पृष्ठ सपाट असल्याने सूर्य सगळ्या पृष्ठावर एकदमच उगवतो. समुद्राचा फुगवटा आड येतो तिथे अर्ध्या तासाहून थोडा उशीर होतो, इतकंच. अक्षाचा कल पृथ्वीसारखा २३.४ अंश ठेवला तर सर्वांत मोठा दिवस साऱ्या पृष्ठावर १४ तास २३ मिनिटांचा. एका पृष्ठाला एक घड्याळ. तुमच्या आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या नागमोडी वळणांबद्दल इथे कोणी विचारू नये.

शेजारच्या पृष्ठावर जाताना मात्र चार किंवा आठ तासांचा फरक पडतो. चार तासांचा शेजारी दुसऱ्या गोलार्धातला असतो, म्हणजे घड्याळाबरोबर ऋतूही उलटतो. आणि मध्ये कडा आहे: हवा नाही, चढ ४५ अंशांपर्यंत. सुटी माती आणि दगड साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंतच टिकतात, त्यामुळे कडेलगतचा पट्टा उघडा खडक. एखादा दगड घर्षणाशिवाय तिथून समुद्रापर्यंत घसरला तर पोचताना त्याचा वेग सेकंदाला पाच किलोमीटर होईल. प्रत्यक्षात घर्षण बहुतेकांना वाटेत अडवतं, पण उसळत येणाऱ्यांचा भरवसा नसतो, म्हणून आतल्या बाजूला आडवे बंधारे हवेतच. हवा कडा ओलांडत नाही, पाऊस नाही, बीज नाही, जंतूही नाही. सहा पृष्ठांवर सहा वेगळी जीवसृष्टी, आणि शेजाऱ्याकडून आणलेलं रोप तपासल्याशिवाय लावायचं नाही.

संपर्काचं काम उपग्रहांवर, आणि तिथे तुमच्यात आमच्यात फरक उरत नाही. घनाच्या सममितीमुळे गुरुत्वातला सर्वांत मोठा बिघाड, पृथ्वीच्या फुगलेल्या विषुववृत्तामुळे तुमच्या कक्षांना सतत वळवणारा, इथे आकारामुळे येतच नाही. त्यापुढचे बिघाड अंतराबरोबर झपाट्याने विरतात. केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवरचा भूस्थिर उपग्रह खाली गोल आहे की घन हे जवळपास ओळखूच शकत नाही. खालच्या कक्षा मात्र ८,९०० किलोमीटरच्या बऱ्याच बाहेर ठेवायच्या, कोपरा आडवा येतो.