‘पगार’ हे क्रियापद आहे: घरच्या अभ्यासाचा अकरावा महिना

गेल्या जूनमध्ये ठरवले होते की तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा पदवीच्या पहिल्या वर्षाला असतो तेवढा अभ्यास नोकरी सांभाळून पुरा करायचा आणि जोडीला पोर्तुगीज अगदी मुळाक्षरांपासून शिकायची. हे तिन्ही विषय एकत्र शिकवण्याची पद्धत ऑक्सफर्डमध्ये १९२० च्या दशकात रूढ झाली. पोर्तुगीजची भर मात्र माझी स्वतःची आहे. मागची नोंद फेब्रुवारीतली आहे. त्यानंतरचे दोन महिने मी चार आकड्यांपाशी थांबले होते, आणि ते उलगडेपर्यंत लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

वेळापत्रक पूर्वीचेच आहे. सकाळी पावणेसहा ते सात वाचन, ठाणे ते तुर्भे लोकलमध्ये कानाला पोर्तुगीज, आणि शनिवारी दुपारी मराठी ग्रंथ संग्रहालय. १८९३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत बसून वाचताना हातातला फोन आपोआप बाजूला राहतो, एवढ्यासाठीही ठाण्यातल्या अभ्यासूंनी तिथे जावे.

आता ते चार आकडे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेले उदाहरण असे आहे: ठरावीक वाइन तयार करायला पोर्तुगालमध्ये ८० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक कापडाला ९०, इंग्लंडमध्ये त्याच वाइनला १२० आणि त्याच कापडाला १०० लागतात. म्हणजे दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्येच कमी श्रमांत होतात. तरीही पोर्तुगालने वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, असे रिकार्डो म्हणतो. आधी मी ८० आणि १२०, ९० आणि १०० अशी देशादेशांची तुलना करत बसले आणि निष्कर्ष काही केल्या पटेना. एका सकाळी वहीत आडव्या ओळींऐवजी उभे रकाने आखले आणि प्रत्येक देशाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. पोर्तुगालने स्वतः कापड विणले तर ९० जणांचे श्रम जातात. तेच कापड वाइन देऊन एकास एक मिळाले तर ८० जणांत भागते, म्हणजे १० जणांचे श्रम वाचतात. इंग्लंडला वाइनसाठी १२० ऐवजी १०० पुरतात, म्हणजे त्याचे २० वाचतात. एक वस्तू करताना आपण दुसरी किती सोडतो, यालाच संधी खर्च म्हणतात. ही व्याख्या मला सप्टेंबरपासून पाठ होती. तिचा उपयोग एप्रिलमध्ये समजला.

इथे अर्थशास्त्राचे पुस्तक थांबते, पण राज्यशास्त्राची वही उघडी ठेवली तर पुढचे दिसू लागते. ही श्रमविभागणी केवळ हवापाण्याने ठरलेली नव्हती. १७०३ च्या मेथुएन तहाने इंग्लंडच्या लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली आणि त्या बदल्यात पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागू झाली. रिकार्डोच्या आधी शंभराहून अधिक वर्षे हा व्यवहार राजनैतिक कराराने बांधलेला होता, आणि उदाहरण वाचताना तो जणू निसर्गाचा नियम वाटतो. भांडवल मुक्तपणे परदेशी जाऊ शकले असते तर वाइन आणि कापड दोन्ही पोर्तुगालमध्येच करणे सोयीचे ठरले असते, हे रिकार्डोने स्वतःच नमूद केले आहे. त्याचे घराणे मूळचे पोर्तुगीज ज्यूंचे होते, हेही मला याच महिन्यात कळले.

आणि लिस्बनच्या विणकराचे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. देशाचे १० जणांचे श्रम वाचले, पण माग बंद झालेल्या माणसाने द्राक्षमळ्यात जावे हे त्याला कोणी विचारले होते का? अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये मांडलेल्या न्यायविचारानुसार विषमता तेव्हाच समर्थनीय ठरते, जेव्हा तिचा लाभ सर्वांत खालच्या माणसालाही जास्तीत जास्त होतो. रबाळे-घणसोलीच्या पट्ट्यात जुन्या कारखान्यांशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहिलेल्या मी रोज लोकलच्या खिडकीतून पाहते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी उरलेला नाही. याच संदर्भात डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण पुन्हा वाचले. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० ला प्रवेश करणार आहोत, असे ते सांगतात. आपल्या तिन्ही विषयांची गाठ एका परिच्छेदात बसलेली पाहायची असेल तर याहून चांगले वाचन मला ठाऊक नाही.

पोर्तुगीजची प्रगती हळू आहे, पण पक्की आहे. सुरुवातीचे तीन महिने मी ब्राझिली उच्चारांचा पाठ ऐकला आणि नंतर पोर्तुगालच्या बातम्या लावल्या, तेव्हा स्वर गिळलेले ते शब्द एकही हाती लागेनात. ‘दिया’ (दिवस) या शब्दाला ब्राझीलमध्ये ‘जिया’ म्हणतात, हा तर त्यातला अगदी सोपा फरक झाला. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक बाजू निवडावी.

मराठी माणसाला शब्द ओळखीचे निघतात. ‘पाउँ’चा पाव झाला आणि ‘लैलाउँ’चा लिलाव, दोन्हीकडे शेवटचा नाकातला स्वर आपण ‘आव’ असा मोकळा केला. ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचे खोड आणि कैद्याचे पाय अडकवायचा खोडाही. त्यावरून तुरुंग आला. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. आज मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीजवळून जाताना तो शब्द आणि ती वास्तू मला एकाच वेळी दिसतात.

मात्र ओळख पटली म्हणून व्याकरण सुटत नाही. आपला महिन्याचा पगार तिथे ‘पैसे चुकते करणे’ हे क्रियापद आहे आणि ते चालवावे लागते: पागु, पागश, पागा, पगामुश, पागांव. ‘असणे’ची दोन क्रियापदे हा दुसरा मोठा टप्पा. मी विद्यार्थिनी आहे हे ‘सेर’ने सांगायचे, मी दमले आहे हे ‘इश्तार’ने. कायमचे ते सेर आणि तात्पुरते ते इश्तार, असा नियम मी मांडला होता. ॲरिस्टॉटलचा सारभूत (वस्तूच्या मूळ स्वरूपातले) आणि आगंतुक (नसले तरी चालणारे) गुणांतला भेदही त्यावर चपखल बसवला होता. मग ‘इश्ता मोर्तु’ हे वाक्य आले: तो मृत आहे. मृत्यूइतके कायमचे काहीच नाही, तरी क्रियापद इश्तार. ते कायम काय आहे हे सांगत नाही, एखाद्या बदलानंतरची अवस्था सांगते, अशी दुरुस्ती आता वहीत केली आहे.

परवा स्वतः रचलेले पहिले अर्थशास्त्रीय वाक्य लिहिले: ‘पुर्तुगाल पागा उ पानु कों व्हिन्यु’, पोर्तुगाल कापडाचे मोल वाइनने चुकते करतो. तह १७०३ चा असल्यामुळे ते भूतकाळात लिहायला हवे. भूतकाळाचा धडा मे महिन्यात घेणार आहे.